मोटारीच्या पोटातली हळद

सोलापूरहून वैरागला मोटारीने जायचं असेल तर संक्रांतीच्या दिवशी जाऊ नका, आणि जायचंच झालं तर माझ्या दादाबरोबर जाऊ नका. बाकी रस्ता तसा वाईट नाही. अठ्ठावीस-तीस मैलांचं अंतर, चांगली गाडी असेल तर अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. आम्ही सकाळी निघालो आणि दिवेलागणीच्या तोंडाशी पोचलो. मधल्या वेळात काय झालं ते सांगताना अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा वाचणाऱ्याने शांत, रसाळ वर्णनाची अपेक्षा ठेवू नये.

ही गोष्ट सोलापुरातला मार्शल लॉ उठल्यानंतरच्या हिवाळ्यातली. मी मुलींच्या शाळेत शिकवते. नवरा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, तेव्हापासून मी दादाच्या घरी असते. दादाचा सुताचा आणि रंगाचा व्यापार आहे. त्याची मुलगी कमळ. तिला पाटीवर ‘ग’ गिरवायला मी शिकवलं आणि सातवीपर्यंत आणून पोचवलं, आणि फायनलच्या परीक्षेला एक वर्ष उरलेलं असताना दादाने वैरागच्या अडत्यांच्या घरात तिचं लग्न करून टाकलं. स्थळ चांगलं होतं म्हणे. स्थळं नेहमी चांगलीच असतात.

फायनल पास झाली तर मुलगी मास्तरीण होऊ शकते, तिच्या हातात चार पैसे येतात, हे दादाला कळत नव्हतं असं नाही. मी दिवाळीत कमळच्या सासूबाईंकडे हट्टच धरला. विहीणबाई करारी. त्यांनी तोंडावर सांगितलं, “पहिल्या संक्रांतीचं सगळं माहेरनं रीतीनं येऊ द्या. चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाचं वाण. मग न्या पोरीला परीक्षेला. पण दिवं लागायच्या आत या. बायका जमल्यावर माझी सून ओकीबोकी बसली, तर मग मला परीक्षा-बिरीक्षा सांगायची न्हाई.” नाही नेली, तर संक्रांतीनंतर कमळ नवऱ्याबरोबर लातूरच्या दुकानी जाणार हे ठरलेलं होतं. लातूरला गेली की संपलं. तिथून कोण परीक्षेला पाठवतो!

म्हणून मी म्हणत होते की भोगीच्या आदल्या दिवशीच निघू. पण भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता असतात, त्या सोडून दादा सोलापूर सोडणं शक्य नव्हतं. बरं, मग तुम्ही दोघं जाऊ नका, मी सर्व्हिस मोटारीने पुढे जाते, आठ आणे भाडं आहे, म्हटलं. तर वहिनी म्हणाली, “पहिल्या संक्रांतीला तुम्ही कशा जाणार वन्सं?” यातलं ‘तुम्ही’ फार लांबवलेलं होतं. दादाला एकट्याला पाठवण्यात अर्थ नव्हता. तो चहा पिणार, पान खाणार, विहीणबाईंनी डोळे वटारले की ‘पुढल्या साली बघू’ म्हणून परत येणार. मी येणारच म्हणून अडून बसले. शेवटी ठरलं की संक्रांतीच्या सकाळी दादाच्या मोटारीने सगळ्यांनी जायचं.

ही मोटार दादाने एका बदली होऊन गेलेल्या साहेबाकडून घेतली होती. वर कॅनव्हासचा टप, पुढे पाण्याच्या टाकीची पितळी जाळी, आणि हॉर्न असा की म्हशीने हंबरडा फोडावा. चालवायला बाशुमियाँ नावाचा ड्रायव्हर. दादाचा त्या मोटारीवर पोटच्या पोरीपेक्षा जास्त जीव होता, हे मी रागात लिहीत असले तरी खोटं नाही.

हलव्याचे दागिने मी केले होते. शेगडीवर परात ठेवून, बोटं पोळवून, पहाटेच्या थंडीत पाक घालत घालत. हलव्याला काटा थंडीतच येतो. बांगड्या, बाजूबंद, हार, बिंदी, आणि जावयाच्या हातात द्यायला हलव्याचा नारळ. तेव्हा माझे हात कुणाला खटकले नाहीत. निघायच्या सकाळी मात्र वहिनी चुलीपाशी येऊन म्हणाली, “वन्सं, तुम्ही जरा पुढं चालत जा, जकात नाक्यावर थांबा. तिथं गाडीत घेऊ. दारातनं निघताना... तुम्हाला कळतंच.”

कळतं की. इतकी वर्षं कळतंच आहे. दागिन्यांचा डबा घेतला आणि मागच्या दाराने निघाले.

थंडी मी म्हणत होती. पद्मसाळी विणकरांच्या गल्लीत बायका दारापुढे ही मोठीमोठी रांगोळी घालत होत्या. त्यांच्या संक्रांतीच्या रांगोळ्या आपल्यासारख्या आटोपशीर नसतात, अख्खी गल्ली भरून टाकतात. मी कडेकडेने चालले तर एका म्हातारीने तेलुगूत काहीतरी म्हणून हाताला धरलं, रांगोळीतून वाट काढून दिली आणि तिळाचा लाडू हातावर ठेवला. माझ्या कपाळाकडे तिने पाहिलंही नाही. नाक्यावर उभं राहून मी तो लाडू खाल्ला. दिवे लागेपर्यंत कुणी आपणहून हातावर ठेवलेलं गोड तेवढंच.

मोटार आली ती झेंडूच्या माळा मिरवत. टाकीच्या जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक, दिव्यांना लिंबं. दादा खुशीत होता. “काय मुहूर्त साधलाय!” म्हणाला. वहिनी मांडीवर हळदीचा पितळी डबा घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले तेव्हा तिने तो डबा दुसऱ्या मांडीवर सरकवला.

आता रस्त्याचं सांगते, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. सोलापूर सुटलं की खडीचा रस्ता बरा आहे, पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत समोरून बैलगाड्यांची रांगच्या रांग येते. सगळा मुलूख सोलापूरकडे लोटलेला. घुंगरं, पोरं, भाकरीची गाठोडी, आणि त्या धुळीच्या लोटात उलट दिशेने जाणारे आम्ही तेवढेच. बैल मोटारीला बुजतात, दर फर्लांगाला थांबावं लागतं. तोंडाला फडकं बांधा. कानाला मफलर किंवा पदर गच्च गुंडाळा, टपाखालून वारा सुरीसारखा येतो. खायला धपाटे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या. दह्याचं काही घेऊ नका, सांडतं. नान्नजला चहा मिळतो, एका आण्यात मोठा पितळी पेला भरून, गुळाचा. तो प्या, कारण पुढे वडाळ्यापर्यंत माळच माळ आहे आणि पाणीसुद्धा मिळायची मारामार.

नान्नजला आम्ही चहा प्यायलो. बाशुमियाँ प्यायला नाही. तो मोटारीपुढे वाकून काहीतरी बघत होता, दादाने हाक मारल्यावर झटकन उठला आणि “कुछ नै साब” म्हणाला. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

नान्नजच्या पुढे माळावर पिवळं गवत, मधेच काळ्या रानात ज्वारी, आणि लांबवर माळढोक पक्ष्यांची जोडी राजासारखी मान वर करून चालत होती. मी दादाला दाखवायला हात वर केला आणि तेवढ्यात मोटारीच्या तोंडातून भस्सकन वाफ आली. इंजिनातून ठोके पडल्यासारखा आवाज, करपल्याचा वास, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. बाशुमियाँने टोपण कापडाने फिरवलं. टाकीत पाण्याचा टिपूस नव्हता. बरोबर एक पत्र्याचा डबा पाणी होतं, ते गाडी निवल्यावर ओतलं, तर ते खालून धारेने मातीत गेलं.

“पानी टिकताच नै, साब,” तो म्हणाला.

दादा मोटारीकडे बघेना. माझ्याकडे बघायला लागला. वहिनीही बघायला लागली. मग दादाने ते म्हटलंच: “मी सांगत होतो. शुभ कामाला निघताना गाडीत बसवायला नको होती.”

‘कुणाला’ तेही त्याने म्हटलं नाही. मी तीन हातांवर उभी असताना!

“नव्याकोऱ्यासारखी गाडी,” वहिनी म्हणाली. “कधी कुरकुरली नाही. आजच बरं झालं असं.”

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटून गेलं, की असेल का तसं? इतकी वर्षं कानीकपाळी ऐकलेलं असतं, ते आत कुठेतरी बसतंच. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

दादाने गाड्या थांबवून पाहिल्या. एकही वैरागकडे जाणारी नव्हती. “मालक, यात्रा सोडून म्हागं कोन फिरंल वो?” एक गाडीवान म्हणाला, “तुमीच बसा की, गड्ड्याला नेतो.” दोन सर्व्हिस मोटारी गेल्या, त्याही सोलापूरच्या बाजूला, टपावरसुद्धा माणसं. ऊन वर चढत होतं. माझ्या डोळ्यांपुढे कमळ दिसत होती, दाराशी येऊन जाऊन बघणारी.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर ज्वारीच्या कापलेल्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती. तिथून एक बाई कमरेवर घागर घेऊन आली. कपाळभर कुंकू, हातात चांदीची जाड कडी.

“मोटार मेली का काय?” तिने विचारलं.

“पाणी संपलंय,” मी म्हटलं. “इथं विहीर कुठं आहे?”

“हीर लई लांब हाय. वड्यात झरा हाय बगा तितं, मेंढरं पित्यात त्यो. ही घागर घ्या तवर.” मग तिने वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ह्या बाई अशा येगळ्या का हुब्या?”

वहिनीने आवाज खाली आणून माझी हकिकत सांगितली. ती बाई शांतपणे म्हणाली, “मग पाट न्हाय लावला व्हय? आमच्यात लावत्यात की.”

विधवेचं दुसरं लग्न! वहिनीच्या हातून डबा पडता पडता राहिला. मला हसू आलं. इतक्या संतापात हसू आलं याचाही राग आला. ती बाई मात्र आपण काही विशेष बोललो असं न दाखवता घागर ठेवून खाली बसली आणि मोटारीच्या झेंडूची फुलं निरखू लागली.

बाशुमियाँ घागरीतलं पाणी जरा जरा ओतत होता आणि गळती कुठे आहे ते मी वाकून बघत होते. शाळेत नळाची तोटी गळली तरी मलाच बघावी लागते, त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. जाळीच्या खालच्या अंगाला, स्वस्तिकाच्या अगदी मधे, पितळ आत दबलेलं होतं आणि तिथून पाणी पाझरत होतं. फट नखाएवढी, चिंचोळी. तिच्यात काहीतरी तपकिरी अडकलं होतं. मी केसातला आकडा काढून ते उपसलं.

करवंटीचा तुकडा होता. एका बाजूला अजून पांढरं खोबरं.

मी तो तळहातावर घेतला आणि दादापुढे धरला. “दादा, निघताना नारळ कुठं फोडलास?”

“कुठं म्हणजे? गाडीपुढं.”

“गाडीपुढं का गाडीवर?”

बाशुमियाँ मान खाली घालून म्हणाला, “साब नारेल पकडके जोरसे मारे, इदरच. दो बार. तबीच मैं देखा था, लेकिन साब खुशी में थे...”

“आणि मघापासून हे दोघं मला बोलत होते तेव्हा तुमचं तोंड कुणी शिवलं होतं?” मी त्याला म्हटलं. नोकरी होती बिचाऱ्याची, पण मला त्या वेळी बिचारं कुणीच वाटत नव्हतं.

मग मी बोलले. माळावर ऐकायला एक धनगरीण आणि मेंढरं होती, त्यामुळे आवाज खाली ठेवायची गरज नव्हती. “चोर सोडून संन्याशाला फाशी! नारळ दगडावर फोडतात दादा, गाडीच्या नाकावर नाही. तू नारळ फोडलास तेव्हा मी दारात होते का? मी नाक्यावर कुडकुडत होते. माझी सावलीसुद्धा तुझ्या गाडीवर पडली नव्हती. माझं तोंड न बघता, मुहूर्त बघून, सवाष्णीने कुंकू लावून, तू स्वतःच्या हातांनी तुझी गाडी फोडलीस. आणि खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या!”

दादा म्हणाला, “बरं, बरं. आता त्याचं काय?” आयुष्यात त्याने चूक कबूल केली ती एवढीच.

“छेद बंद करना होना,” बाशुमियाँ जरा धीर येऊन म्हणाला. “आटा होना नै तो हल्दी. हल्दी पानी में डाले तो छेद में जाके बैठती. सब मोटरवाले डालते.”

पीठ आमच्याकडे नव्हतं. धनगरणीकडचं पीठ सकाळीच भाकरीत संपलं होतं. हळद होती. वहिनीने पितळी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

“लेकीच्या पहिल्या संक्रांतीची हळद? मोटारीत? काय अभद्र बोलणं!”

“वहिनी, हळद घेऊन इथं बसलो तर कमळ लातूरला जाईल.”

“पण हळदीशिवाय गेलो तरी विहीणबाई...”

“तिथं मी बघते.”

ती डबा सोडेना. ऊन कलायला लागलं होतं. मी तिच्या हातातून डबा घेतला. ओढूनच घेतला म्हणा. त्या घरात आल्यापासून त्या डब्याला माझं बोट लागलेलं नव्हतं. झाकण उघडलं आणि अख्खी हळद मोटारीच्या तोंडात उलटी केली. दादाने डोळे मिटून घेतले.

ओढ्यावरून घागरीने पाणी आणता आणता आणखी वेळ गेला. धनगरीणही दोन खेपा करून आली. पण हळदीने काम केलं. धार थांबून थेंब झाला, थेंब थांबून ओल राहिली. हलव्याचे दागिने पाहिले तर सगळे धड होते, फक्त जावयाचा नारळ दचक्यांनी फुटला होता. तो मी धनगरणीला दिला. “ह्यो नारळ ग्वाड हाय की!” म्हणून तिने तिथेच तोंडात टाकला.

पुढचा रस्ता आम्ही बैलगाडीच्या चालीने कापला. दर दोन-तीन मैलांना थांबायचं, निवू द्यायचं, पाणी घालायचं. वडाळ्याला पाणी भरताना मी कळशी घेऊन मोटारीपुढे उभी होते आणि बाशुमियाँने टोपण जरा लवकर फिरवलं. पिवळ्या पाण्याचा फवारा सरळ माझ्या अंगावर. मनगटाला चटका बसला. पांढरं लुगडं, तोंड, कपाळ, सगळं हळदीने माखलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या अंगाला हळद लागली, आणि तीही मोटारीच्या पोटातली.

वैरागला शिरलो तेव्हा पेठेत दिव्यांच्या काचा पुसणं चाललं होतं, दिवे अजून लागायचे होते. विहीणबाईंच्या दाराशी बायका ताटं घेऊन जमू लागल्या होत्या. दारात विहीणबाई उभ्या. माझ्याकडे पाहून त्यांनी आधी तोंडाला पदर लावला. वहिनीने वाण पुढे केलं. विहीणबाईंनी चंद्रकळा पाहिली, दागिने पाहिले, मान डोलावली. मग पितळी डबा उघडला. आत कडेला लागलेली पिवळी पूड फक्त.

“हळद?”

“मोटारीला घातली,” वहिनी रडवेली होऊन म्हणाली.

“मोटारीला?” विहीणबाईंनी डबा खाली ठेवला. “पोरीच्या हळदीपरीस मोटार मोठी झाली व्हय? बरं. मग परीक्षाबी मोटारीलाच बसवा. मी रीतीनं सगळं आणा म्हणले हुते.”

दादाने खाकरून “पुढल्या साली...” असं सुरू केलंच. मी सांगितलं होतं ना!

दिवसभर मला पाठीमागे ठेवलं होतं, नाक्यावर ठेवलं होतं, मोटारीत कोपऱ्यात ठेवलं होतं. मी पुढे गेले आणि विहीणबाईंच्या दाराच्या पायरीवर, बरोबर मधोमध, मांडी घालून बसले.

“हे काय?” विहीणबाई.

“बसले. दमलेय. बायकांना सांगा, या म्हणावं. मला ओलांडून या.”

गल्लीत कुजबुज थांबली. हातात ताटं घेतलेल्या सवाष्णी जागच्या जागी उभ्या राहिल्या. पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दाराच्या पायरीवर विधवा. तीही हळदीने माखलेली. कोण पाय पुढे टाकणार?

“उठा की! तमाशा करताय व्हय दारात?”

“तुम्ही शब्द दिला होता. दिवे लागायच्या आत आलोय. हळद वाटेत कामी आली, ती नसती तर आलोच नसतो. शब्द पाळा, मी उठते.”

विहीणबाईंनी गल्लीकडे पाहिलं. पाटलांच्या घरच्या बायकाही येऊन उभ्या होत्या. मागे दारात कमळ दिसली. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून तिने मान अगदी जराशी हलवली.

“न्या,” विहीणबाई दात आवळून म्हणाल्या. “न्या तिला. पर आदी उठा.”

“बायकांच्या देखत मोठ्यानं म्हणा.”

“कमळ परीक्षेला सोलापूरला जाणार हाय!” असं त्या ओरडल्या, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं. मी उठले. बायका भराभरा आत गेल्या. हळद शेजारच्या घरातून वाटीभर आणली. एवढं सोपं होतं ते.

मी मोटारीत जाऊन बसले. जिंकले होते, पण आनंद झाला नाही. ज्या गोष्टीने लोकांनी मला जन्मभर दूर ढकललं तीच उचलून मी दुसरीच्या दारात टाकली होती, आणि ती चालली, कारण सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता. आतून उखाण्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. जरा वेळाने कमळ मागच्या अंगाने आली. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने, फार गोड दिसत होती.

“आत्या, पुस्तकं ज्वारीच्या पोत्यात ठेवलीत,” ती म्हणाली. “सकाळी पोतं गाडीत टाकायला सांग.” आणि बांगडीतला एक दाणा तोडून माझ्या तोंडात घातला.

सकाळी तांबटाला बोलावून जाळीला कथलाचा डाग मारून घेतला. वैरागचे तांबट चांगलं काम करतात, कुणाची गाडी बिघडली तर बाजारपेठेत विचारावं. तोवर नवं संकट. तो दिवस किंक्रांतीचा. करिदिन! किंक्रांतीला कुणी उंबरा ओलांडत नाही. दादा म्हणाला उद्या निघू. पण एका रात्रीत विहीणबाईंचं मन फिरलं असतं, आणि त्यांचा मुलगा लातूरचं सामान बांधूनच बसला होता. मी कमळला आणि पोत्याला गाडीत बसवलं आणि बाशुमियाँला गाडी सुरू करायला लावली. लेकीच्या सासरी जास्त दिवस अन्न घ्यायचं नाही हा नियम दादाला आयत्या वेळी आठवला. तो आणि वहिनी पुटपुटत येऊन बसले. विहीणबाईंनी रीतीप्रमाणे नारळ आणला होता. तो मी त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत टाकला.

करिदिनी, विधवेला पुढच्या सीटवर बसवून, नारळ न फोडता, मोटार वैरागहून निघाली. वाटेत एक थेंब गळला नाही. नान्नजच्या माळावर धनगरांची मेंढरं पुढच्या रानात गेली होती, बाई दिसली नाही. दुपारच्या आत आम्ही सोलापुरात होतो. उतरताना मी दादाला विचारलं, “काय म्हणतोस?” तो म्हणाला, “सिद्धेश्वराची कृपा.”

याला काय करावं? घरी आल्यावर आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. नंतर बोलले, कारण एका घरात राहतो.

काय उरलं म्हणाल तर मनगटावर चटक्याचा डाग आहे. पांढऱ्या लुगड्याचे पिवळे डाग किती धुतले तरी गेले नाहीत, ते मी शाळेत तसंच नेसते. घरात मात्र काही बदललं नाही. मोटारीला नवी लिंबं बांधली गेली. शुभकार्य निघालं की वहिनी अजून चुलीपाशी येऊन, आवाज खाली आणून, ‘तुम्ही जरा...’ म्हणते.

परीक्षेच्या दिवशीही म्हणाली. कमळ महिनेन्‌महिने माझ्याजवळ बसून शिकलेली, आणि मी मागच्या अंगणात. वाद घालायला नको, पोरीचं मन बिघडायला नको, म्हणून मीच उठून गेले आणि रागाने भांडी घासत बसले. पुढच्या दाराशी मोटार उभी होती, पुसून लखलखीत. वहिनीच्या हातात दह्याची वाटी. दादा नारळ घेऊन तयार, या खेपेला दगडही शोधून आणलेला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. कमळ बाहेर आली. हातात दौत आणि टाक. माझ्या राखेच्या हाताला हात लावून म्हणाली, “आत्या, येते.” आणि मागच्या गल्लीतून, पद्मसाळ्यांच्या दारांवरून, चालत परीक्षेला गेली.

पुढच्या दाराशी ते सगळे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. नारळ दादाच्या हातातच राहिला. संध्याकाळी मी त्याची चटणी वाटली.